एका टेबलाभोवतीचे सहा जण

महाविद्यालयात अठरा वर्षे शिकवली की माणसाचा दोन गोष्टींवरचा विश्वास उडतो. एक म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर वारणारी विद्यार्थ्यांची आजी, आणि दुसरी म्हणजे कमी पडलेली हजेरी भरून काढण्यासाठी आणलेला डॉक्टरांचा दाखला. माझ्या एका विद्यार्थ्याच्या तीन आज्या वारल्याची नोंद माझ्यापाशी आहे. तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी बारा-पंधरा दिवसांच्या खंडानंतर वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली, तेव्हा मी सवयीने बोलून गेलो, "काय, रोवणी आटोपली वाटतं?" वर्ग हसला. आमच्या साकोलीकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बांधीत असतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ती हसली नाही. तास संपल्यावर तिने घडी घातलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि भिंतीला हात लावीत लावीत ती निघून गेली.

कागद शाईच्या पेनाने लिहिलेला होता. अक्षर थरथरते, पण वळण जुने. वर तारीख, खाली सही, आणि मधे दोनच वाक्ये : 'हिला वरचेवर असह्य वेदना होतात. ही खोटे बोलत नाही.'

असा दाखला मी जन्मात पाहिला नव्हता. दाखल्यात ताप असतो, कावीळ असते, 'पूर्ण विश्रांतीची आवश्यकता' असते. 'ही खोटे बोलत नाही' असे कोण लिहितो? खरे सांगायचे तर मला संशयच आला. सही ज्यांची होती त्यांनी दवाखाना बंद करून काही वर्षे झाली होती. म्हाताऱ्या माणसाच्या भिडस्तपणाचा कोणी फायदा घेत असेल, असे मनात धरून मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. गेलो होतो जाब विचारायला. परतलो तो रात्री साडेनऊला, वेगळाच माणूस होऊन, असे म्हटले तर वाचक नाटकी म्हणतील. म्हणून एवढेच म्हणतो की, परतताना छत्री तिथेच विसरून आलो.

नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता भंडारा ओलांडून साकोलीला येतो. पुढे उजव्या अंगाला नवेगावबांधचे तळे आणि जंगल, डावीकडे नागझिऱ्याचे. या रस्त्याजवळच डॉक्टरसाहेबांचे कौलारू घर आहे. वय सत्त्याऐंशी. कानाला यंत्र, डोळ्याला जाड भिंग, पण पाठ ताठ. माझा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "सर, तुम्ही मराठी शिकवता ना? मग त्या दोन वाक्यांत व्याकरणाची चूक आहे का?"

"नाही."

"मग बसा. चहा घ्या. तुम्हाला आमचं टेबल सांगतो."

त्यांनी टेबल सांगितले ते असे.

१९५६ च्या पावसाळ्यात ते नागपूरच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. कॉलेज तेव्हा अगदी कोवळे होते. त्याआधी नागपूरला होते ते १९१४ साली सुरू झालेले रॉबर्टसन मेडिकल स्कूल, मेयो हॉस्पिटलच्या आवारात. तिथून 'एल. एम. पी.' होऊन बाहेर पडणारी मंडळी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून दवाखाने चालवीत. भोर समितीने १९४६ साली, देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा, असे सुचवले आणि अशा शाळांचे दिवस भरले. १९४७ मध्ये नागपूरला मेडिकल कॉलेज सुरू झाले. "आमच्या वेळी इमारत इतकी मोठी होती आणि आम्ही इतके थोडे," डॉक्टरसाहेब म्हणाले, "की व्हरांड्यातून हाक मारली तर उत्तर आपलंच ऐकू येई."

शवविच्छेदनाच्या दालनात एका मृतदेहाभोवती सहा जणांची टोळी असे. हॉस्टेलात नावाने कोणी कोणाला हाक मारीत नसे. ज्याचे जे गाव तेच त्याचे नाव. त्या टेबलावर काटोल होता, तुमसर होता, गोंदिया, बऱ्हाणपूर, अर्जुनी आणि स्वतः डॉक्टरसाहेब म्हणजे साकोली. "साठ वर्षं झाली सर, पण कोणाची आठवण आली तर अजून गावाच्याच नावानं येते. एस. टी.च्या पाटीवर 'काटोल' वाचलं की वाटतं, अरे, हा कुठे निघाला?"

काटोल संत्र्यांच्या बागाईतदाराचा मुलगा. पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनच्या वासाने चक्कर येऊन पडला आणि पुढे सहा जणांत उत्तम शल्यचिकित्सक तोच झाला. तुमसर पाठांतरात पटाईत. कनिंगहॅमच्या पुस्तकातले पानच्या पान म्हणून दाखवी, मात्र समोरच्या मृतदेहात ती शीर त्याला सापडत नसे. बऱ्हाणपूर शायरी करणारा. गोंदियाच्या घरी बिड्यांचा मोठा कारखाना. तो शरीरशास्त्रात दोनदा नापास होऊन घरी परतला आणि ("हे तुमच्या विद्यार्थ्यांना सांगू नका," ही डॉक्टरसाहेबांची सूचना मी मोडतो आहे) सर्वांत श्रीमंत झाला.

आणि अर्जुनी. अर्जुनी-मोरगावच्या पलीकडच्या जंगलपट्टीतल्या एका लहान गावचा हा मुलगा. घरातला काय, गावातला पहिला मॅट्रिक. बोलायचा कमी. धान कापता कापता हाताला पडलेले घट्टे सुरी धरताना उपयोगी पडतात, असे म्हणायचा. त्याचा हात कधी कापला नाही.

पहिल्या दिवाळीची एक हकिगत डॉक्टरसाहेबांनी अगदी रंगवून सांगितली. वरच्या वर्गातल्या मुलाकडून सहा जणांनी वर्गणी काढून हाडांचा संच विकत घेतला होता. सुटीत अभ्यासाला कोणी तरी तो घरी न्यायला हवा. साकोलीने नेला, वळकटीत बांधून, सर्व्हिस मोटारीच्या टपावर. घरी पोहोचल्यावर आईने वळकटी सोडली. दिवाळीचे सारवण झालेल्या अंगणात माणसाची मांडी आणि कवटी निघाल्यावर त्या माउलीने जो आकांत मांडला, तो शेजारच्या आळीत ऐकू गेला. शेवटी हाडे गोठ्यात, बैलाच्या गव्हाणीमागे, आणि मुलगा आंघोळ करून ओट्यावर, अशी तडजोड झाली. "आणि गंमत पाहा," डॉक्टरसाहेब हसले, "त्या साली १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. दिवाळी त्याच दोन-तीन दिवसांत. नागपूरहून निघालो तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. सुटी संपवून परतलो तर आम्ही सगळे मुंबई राज्यात, आणि बिचारा बऱ्हाणपूर परप्रांतात!"

त्याच दिवाळीच्या तीन आठवडे आधी, दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. पांढऱ्या कपड्यांतली ती गर्दी रस्त्याने तासन् तास जात होती आणि हॉस्टेलची मुले पाहत उभी होती. अर्जुनी त्या दिवशी गर्दीबरोबर चालत गेला आणि रात्री उशिरा आला. काय पाहिलेस, असे विचारल्यावर म्हणाला, "इतकी माणसं, पण धक्काबुक्की नाही." एवढेच.

मोठे होऊन काय करायचे, यावर सहा जणांचे एकमत होते. व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटणीसांवरचा १९४६ चा बोलपट प्रत्येकाने पाहिलेला. १९३८ साली चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांत सोलापूरच्या कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते, याचा नागपूरकरांना भारी अभिमान. तेव्हा आपणही कुठे तरी युद्धात, बर्फात, तंबूत शस्त्रक्रिया करीत मरावे, असा बेत रात्री कंदिलाभोवती पक्का होई. प्रत्यक्षात तुमसर १९६२ नंतर सैन्यात गेला, बर्फही पाहिले. निवृत्त होऊन पुण्यात राहिला. काटोल विलायतेला गेला. दर नाताळात त्याचे कार्ड येई. त्यावर बर्फ असे तेवढेच.

इथवर मी चहा पीत ऐकत होतो. सगळ्याच म्हाताऱ्या डॉक्टरांपाशी अशा गोष्टी असतात. पण मग ते उठले, आतल्या खोलीतून पितळी नळीचा एक जुना सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी धरून घेऊन आले आणि तो मेजावर ठेवून म्हणाले, "आता तुमच्या विद्यार्थिनीची गोष्ट. ती १९५९ साली सुरू होते."

पॅथॉलॉजीचे प्रात्यक्षिक होते. त्या काळात नागपूरच्या कॉलेजात रक्ताच्या एका आजाराची मोठी चर्चा होती. कॉलेजातल्याच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांत 'सिकलसेल' आढळतो, असे दाखवणारा लेख लिहिला आणि तो १९५८ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या प्रख्यात साप्ताहिकात छापून आला. त्याआधी हिंदुस्थानात हा दोष सापडला होता तो १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांत. आपल्या कॉलेजचे नाव 'लॅन्सेट'मध्ये आले म्हणून मुलांच्या अंगावर मूठभर मांस चढले होते.

हा आजार काय आहे, हे मी जसे समजलो तसे सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या आणि मऊ असतात, त्यामुळे केसाहून बारीक वाहिनीतूनही त्या दबून, वाकून निघून जातात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या ताठ होतात आणि विळ्याचा आकार घेतात. विळे एकमेकांत अडकले की वाट बंद. मग त्या भागातले हाड, सांधा, छाती, पोट, जे काय असेल ते, असे दुखते की मोठा माणूस गडबडा लोळतो. थंडी, पावसात भिजणे, पाणी कमी पिणे, ताप, अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त पुरते. गुडघाभर गार पाण्यात वाकून रोवणी करणे म्हणजे तर वेदनेला आमंत्रणच! (माझे वर्गातले वाक्य मला येथे आठवले. डॉक्टरसाहेबांना ते मी सांगितले नाही.) शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली या विळ्यांचे पहिले वर्णन छापले. त्यांचा रोगीही विद्यार्थीच होता : ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल. त्याने शिक्षण पुरे केले, बेटावर परतून दवाखाना थाटला आणि १९१६ साली तो गेला. पुढे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, दोष आहे तो रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच.

आई आणि बाप दोघांकडूनही हा दोष आला तर मूल रोगी. एकाकडूनच आला तर ते 'वाहक'. वाहकाला एरवी त्रास नसतो. उलट हिवतापाच्या मुलुखात त्याला थोडे संरक्षणच मिळते, असे १९५४ साली आफ्रिकेतल्या पाहणीवरून अ‍ॅलिसन यांनी दाखवले. आमची झाडीपट्टी हिवतापाची जुनी माहेरवाशीण. तेव्हा हा दोष इथे का टिकला, याचे कोडे त्यात थोडेफार सुटते.

तर प्रात्यक्षिक. प्रत्येकाने शेजाऱ्याचे बोट टोचायचे, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे ताजे द्रावण मिसळून प्राणवायू काढून घ्यायचा, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलीनने बंद करायच्या आणि अर्धा तास थांबायचे. अर्जुनीचे बोट साकोलीने टोचले होते. अर्ध्या तासाने साकोलीने डोळा लावला, तर भिंगाखाली सगळीकडे विळेच विळे.

"मी ओरडलो, सर. आनंदानं ओरडलो. पुस्तकात पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसली म्हणून! सगळा वर्ग रांग लावून त्याचं रक्त पाहायला आला. कोणी तरी म्हणालं, धानपट्टीतला माणूस, रक्तातसुद्धा विळे घेऊन फिरतो! सगळे हसले. मी पण हसलो. तोही हसला."

रांगेत वर्ध्याची एक मुलगी होती. वर्गात मुली थोड्या, आणि ही त्यांतही न बोलणारी. तिने भिंगातून बराच वेळ पाहिले, मग अर्जुनीकडे वळून हळूच विचारले, "तुमच्या घरी लहानपणी कोणी गेलं का?"

तो म्हणाला, "दोघं. भाऊ पाच वर्षांचा होता. बहीण नऊ वर्षांची. हातपाय दुखतात म्हणून रात्ररात्र रडायची. घरचे म्हणत, बाहेरचं लागलंय."

मग कोणी हसले नाही. त्याने आपली काचपट्टी उचलली, नळाखाली धुतली, पुसून डब्यात ठेवली आणि तो खोलीबाहेर गेला.

डॉक्टरसाहेब इथे थांबले. बाहेर पाऊस धरला होता. मला वाटले, गोष्ट संपली. पण ती अजून मुद्द्यावर आलीच नव्हती.

१९६३ साली त्यांनी साकोलीत दवाखाना उघडला. गोंदियाने, म्हणजे नापास झालेल्या मित्राने, हा सूक्ष्मदर्शक भेट म्हणून पाठवला. चिठ्ठीत लिहिले होते : 'माझ्यापेक्षा हा जास्त पाहील.' अर्जुनी सरकारी नोकरीत, आपल्याच भागातल्या एका आरोग्य केंद्रावर. दुसऱ्या वर्षी एका दुपारी तो मोटारीने आला. लग्न ठरले होते. मुलगी जवळच्याच गावची, नात्यातल्या ओळखीची. दवाखान्यात कोणी नाही असे पाहून त्याने विचारले, "सांगू का त्यांना? मुलीचं बोट टोचू का एकदा?"

"सूक्ष्मदर्शक तिथंच होता, सर. हातभर अंतरावर. वर्ध्याची असती तर तिनं त्याला उत्तरही दिलं नसतं, सरळ द्रावण बनवायला घेतलं असतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, वेडा आहेस का? वाहकाला काही होत नाही. तू वाहक, तुला आजवर काय झालं? लग्नाआधी पोरीचं रक्त मागशील तर उद्या सगळ्या मुलुखात बोभाटा होईल, तुझ्या धाकट्या बहिणींना कोण करून घेईल? त्याला तेच ऐकायचं होतं. मलाही तेच सांगायचं होतं. 'वाहकाला काही होत नाही' हे वाक्य पुस्तकातलं आहे, बरोबर आहे. मी अर्धं सांगितलं."

ती मुलगीही वाहक होती. दोघे वाहक असले की प्रत्येक खेपेला चारांत एक असा फासा पडतो. पहिला मुलगा १९६६ चा. तो सहा महिन्यांचा असताना हाताची बोटे सुजली, तेव्हा बापाने ओळखले. त्याला कोणी सांगावे लागले नाही. आज लहान बाळांना पेनिसिलिन देतात, लशी देतात, फॉलिक अ‍ॅसिड असते, हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके बरेच कमी होतात. तेव्हा यांतले फारसे काही हाताशी नव्हते. पाणी, ऊब, वेदनाशामक, रक्त मिळाले तर रक्त. मुलगा आठ वर्षे जगला. १९७४ च्या थंडीत गेला, तो याच घराच्या पुढच्या खोलीत, डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली.

"त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं," एवढे बोलून त्यांनी यंत्र काढून कान चोळला.

महिन्याभराने अर्जुनी पुन्हा आला, एका पिशवीत काचपट्ट्यांचा डबा घेऊन. म्हणाला, बाजाराच्या दिवशी बसत जाऊ. तेव्हापासून हे दोघे बाजाराच्या दिवशी, आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत, एका लाकडी मेजाशी बसू लागले. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्री नाटक होते. पाहुणेरावळे येतात आणि सोयरिकी जुळतात. सोयरिकी जुळतात तिथेच बसायचे, हा अर्जुनीचा हिशेब. द्रावण रोज ताजे लागे. औषधी दुकानात नसले तर ते फोटो धुणाऱ्याकडून आणीत, कारण त्यांच्या कामातही ते लागते. लोक येत नसत. मग अर्जुनी आधी स्वतःचे बोट टोची, स्वतःचे विळे लोकांना दाखवी आणि सांगे, "हे माझं. मी मेलो का? नाही. माझा पोरगा मेला."

समजावून सांगण्याचा प्रश्न मोठा होता, आणि इथे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराचे कान टवकारले. 'वाहक' हा शब्द सरकारी पत्रकात छान दिसतो. पण खेड्यातल्या माणसाला वाहक म्हणजे एस. टी.चा कंडक्टर, त्याच्या आसनामागे तसे लिहिलेलेच असते! "तुम्ही वाहक आहात" असे म्हटल्यावर एक म्हातारा रागावून म्हणाला होता, "म्या तं शेतकरी आहो जी!" त्यावर अर्जुनीने त्याला खाली बसवले आणि म्हटले, "नाही बाबा, कंडक्टरच आहेस. तुझ्याजवळ तिकिटं आहेत, तू स्वतः प्रवास नाही करत. पण घरात दोन कंडक्टर झाले तर एखाद्या लेकराच्या हातात तिकीट पडते, आणि मग त्याला जावं लागते." म्हातारा गप्प बसला. मग त्याने बोट पुढे केले आणि घरी जाऊन नातवालाही घेऊन आला.

मी अठरा वर्षे दृष्टान्त अलंकार शिकवतो आहे. परीक्षेत मुले ज्ञानेश्वरीतलीच उदाहरणे लिहितात. यापुढे मी हे वर्गात सांगणार आहे.

नोंदींच्या वह्या डॉक्टरसाहेबांच्या कपाटात आहेत, लाल कापडात बांधलेल्या. मी उत्सुकतेने हात पुढे केला, तसा त्यांनी कपाटाचा दरवाजा लोटला. "त्या दाखवायच्या नसतात, सर. तुमच्याही ओळखीची नावं असतील त्यांत." कपाटाला त्यांनी कुलूप लावले नाही, पण किल्ली हातात घेऊन बसले.

अर्जुनी आता नाही. त्याला जाऊन वीस वर्षे झाली. बऱ्हाणपूर, तुमसर, गोंदिया, सगळे गेले. काटोलच्या मुलीचे इंग्लंडहून पत्र आले होते, तेव्हा तोही गेल्याचे कळले. वर्ध्याच्या त्या मुलीने बायकांच्या इस्पितळात चाळीस वर्षे काढली. डॉक्टरसाहेबांनी तिला १९७४ साली सगळे लिहून कळवले होते. तिचे उत्तर आले, त्यात दोष नव्हता, सांत्वनही नव्हते. द्रावण किती टक्क्यांचे घ्यावे आणि किती वेळ थांबावे एवढेच होते. ते कार्ड सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत अजून आहे. तेवढे मला पाहायला मिळाले.

आज परिस्थिती बदलली आहे, हेही सांगितले पाहिजे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, यंत्रे चांगली आली आहेत, १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ ही तिची मुदत आहे. पण घराघरात बोलणे अजून तसेच दबके आहे. मुलीचा आजार लपवावा, दाखला आणावा तोही मोघम, अशी रीत. त्या मुलीने दाखल्यावर आजाराचे नाव लिहू नका म्हणून डॉक्टरसाहेबांना विनवले होते. म्हणून ती दोन वाक्ये. (हे नाव मी येथे लिहितो आहे ते तिला विचारून, तिचे स्वतःचे नाव मात्र कोणी विचारू नये.)

निघताना डॉक्टरसाहेबांनी मला कामाला लावले. "मंडईत वाटायला एक कागद करून द्या. एकच पान. सरकारी मराठी नको." मी आठ दिवस खपलो. पहिला मसुदा डॉक्टरसाहेबांनी परत पाठवला. समासात लिहिले होते, 'याला टीप लागेल.' दुसऱ्यात 'अनुवंशिक' होते, ते गेले. तिसरा मला स्वतःला बरा वाटला. कंडक्टरचा दृष्टान्त त्यात जसाच्या तसा घेतला होता आणि शेवटी एक परिच्छेद होता : 'सिकलसेलच्या रुग्णांना समाजाने सहानुभूतीने वागवावे व त्यांच्या व्यथा समजून घ्याव्यात.'

छापायला देण्याआधी तो कागद मी त्या मुलीला वाचायला दिला. वर्गात नव्हे, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. त्या दिवसाच्या माझ्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या ना सर, सगळेच म्हणतात." मग तिने माझे पेन मागितले, कागद गुडघ्यावर ठेवून सावकाश वाचला, शेवटचा परिच्छेद पूर्ण खोडला आणि खाली लिहिले : 'दुखतं म्हटलं की दुखतंच असतं.'

कागद घेऊन मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून शेवटची ओळ दोनदा वाचली. विचारले, "हे कुणी लिहिलं?" मी सांगितले. ते म्हणाले, "मोठ्या टाइपात घ्या," आणि कोपऱ्यात उभी असलेली माझी छत्री माझ्या हातात दिली.